मंडळांच्या पावत्या की शाळेचं वायरिंग? इलेक्ट्रिकल ठेकेदाराने गावाला काय द्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात भागीदारीतली इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टिंग फर्म आहे, 14 माणसं कामाला. गणपती, नवरात्र, यात्रा, कबड्डी, व्याख्यानमाला मिळून वर्षाला दीडेक लाखाच्या पावत्या फाटतात आणि शेवटी काय केलं हे दाखवायला काही उरत नाही. यंदा ठरवून, नीट करायचं आहे. स्पॉन्सरशिप कशी द्यावी, करात काय मिळतं, काय टाळावं?

पैसे कमी द्या, काम जास्त द्या. आणि पंधरा ठिकाणी नको, एकाच ठिकाणी, निदान तीन वर्षं. पाच हजारांची पावती गावातला किराणा दुकानदारही फाडतो, सराफही फाडतो. तुमच्या पाच हजारांना त्यांच्यापेक्षा जास्त किंमत नाही. पण शाळेतल्या वॉटर कूलरला चालू हालतीतलं अर्थिंग आहे का, हे त्या दोघांनाही सांगता येत नाही. तुम्हाला येतं, आणि त्याखाली सही करायचा परवानाही तुमच्याकडे आहे.

आधी हिशेबाचा भाग, कारण गोंधळ तिथेच सुरू होतो. देणगी आणि स्पॉन्सरशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जीएसटी खातं त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतं. ऑक्टोबर 2019 मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक क्रमांक 116 काढलं. त्याचा सरळ अर्थ असा, की धर्मादाय संस्थेला काही दिलं आणि संस्थेने कृतज्ञता म्हणून देणाऱ्याचं नाव लावलं, पण त्या नावातून धंद्याची जाहिरात होत नसेल, तर ती भेट आहे आणि तिच्यावर जीएसटी नाही. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी पंख्यावरची पट्टी म्हणजे भेट. त्याच पट्टीवर फर्मचा लोगो, मोबाइल नंबर आणि ‘सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामे योग्य दरात’ आलं, की ती स्पॉन्सरशिप झाली.

स्पॉन्सरशिप झाली की कर येतो, आणि तुमच्या बाबतीत तो तुम्हीच भरायचा. जीएसटीच्या भाषेत मंडळ प्रसिद्धीची सेवा ‘देतं’ आणि पैसे भरणारी फर्म ती ‘घेते’. सेवा घेणारी फर्म भागीदारी किंवा कंपनी असेल आणि देणारं मंडळ किंवा ट्रस्ट असेल, तर स्पॉन्सरशिपवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायच्या पद्धतीने, 18 टक्के लागतात. मंडळाची जीएसटी नोंदणी नसली तरी लागतात. कमानीसाठी 50,000 दिले तर 9,000 तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायचे. ती खरोखर धंद्याची जाहिरात असेल तर हे 9,000 पुढे क्रेडिट म्हणून, म्हणजे तुमच्या बाकीच्या जीएसटीतून वजा करून, घेता येतात, त्यामुळे खिशाला फटका फारसा नसतो. पण दाखवलेच नाहीत तर ऑडिटमध्ये व्याजासकट निघतात, आणि लेजरमध्ये ‘गणपती पावती’ असं लिहून ते लपत नाहीत. 16 जानेवारी 2025 पासून यात एक फरक झाला आहे. प्रसिद्धीची सेवा देणारी संस्था स्वतः कंपनीसारखी बॉडी कॉर्पोरेट असेल, तर ती बिलातच कर लावते. एकल मालकीच्या फर्मला हा रिव्हर्स चार्ज लागत नाही. तुमची भागीदारी आहे, तुम्हाला लागतो.

प्राप्तिकरात लोक 80 जी, 80 जी करतात, म्हणजे देणगीवरच्या वजावटीचं कलम. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण बोलण्यात नाव तेच आहे. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. रोखीने 2,000 च्या वर दिलेल्या देणगीला वजावट नाही. वस्तू किंवा काम दिलं तर त्याला 80 जी नाहीच. पंखे दिले, वायर दिली, वायरमनचे आठ दिवस दिले, कशालाच नाही. आणि संस्थेला 80 जी ची मंजुरी असायला हवी, तिने तुमची देणगी खात्याला कळवून तुम्हाला प्रमाणपत्र द्यायला हवं. नुसत्या पावतीवर भागत नाही. एवढं सगळं जमलं तरी बहुतेक संस्थांच्या बाबतीत रकमेच्या 50 टक्केच वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत. कर वाचवायला म्हणून हे करायला निघाला असाल तर आकडेमोड करून बघा, हाती फार काही येत नाही.

साहित्य फुकट दिलं की आणखी एक खड्डा आहे. भेट म्हणून दिलेल्या मालावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) मध्ये हे स्पष्ट आहे. गोडाऊनमधल्या स्टॉकमधून चार बंडलं वायर शाळेला गेली तर तिचं घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं. म्हणून शाळेच्या कामाची खरेदी वेगळ्या बिलावर करा, त्या बिलावर क्रेडिट घेऊच नका. सीएला वर्षाच्या शेवटी आठवणीतून काही शोधावं लागत नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांवरचा सामाजिक खर्चाचा बंधनकारक नियम, हा शब्द तुमच्या फर्मला लागू नाही. कंपनी कायद्याचं कलम 135 हे 500 कोटी नक्त मालमत्ता, 1,000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी नफा असलेल्या कंपन्यांसाठी आहे. गंमत म्हणजे वीज कायदा 2003 चं कलम 135 वीजचोरीचं आहे, आणि मंडपाच्या कामात तुमची गाठ पडलीच तर याच्याशी पडेल. त्याबद्दल पुढे.

आता मुख्य काम. पहिल्या वर्षासाठी माझी शिफारस जिल्हा परिषदेच्या एका चार खोल्यांच्या शाळेची आहे. रंगरंगोटी, ई-लर्निंगचे टीव्ही, बेंच हे लोकसहभागातून मिळतं. कोल्हापूर-सांगलीकडे त्याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात आणि तिथे त्याची सवय जुनी आहे. पण भिंतीमागचं वायरिंग कुणी देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. परिणामी चाळीस वर्षांपूर्वीच्या लाकडी बॅटनवर टीव्ही, प्रोजेक्टर, संगणक आणि कूलर लटकलेले असतात.

शाळेत पाऊल ठेवताना पहिली वस्तू बघायची ती वीजबिल. थकबाकी आहे का, मीटर चालू आहे का, मंजूर भार किती, दर कुठला लावला आहे. शाळेला सार्वजनिक सेवेचा दर असतो; चुकून व्यावसायिक लागला असेल तर तो बदलून घेणं हेच वर्षानुवर्षं टिकणारं दान ठरतं, आणि त्याला एक अर्ज पुरतो. थकबाकीत जोडणी तुटलेल्या शाळेत नवं वायरिंग करणं म्हणजे नळाला पाणी नसताना टाकी बांधणं. बिल कोण भरणार, कुठल्या अनुदानातून, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात आल्याशिवाय एकही क्लिप ठोकू नका.

मग पाहणी. मेन स्विच बंद करून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक सर्किट तपासा. सगळे दिवे-पंखे वेगळे करून फेज आणि न्यूट्रल एकत्र, आणि त्यांच्यातून अर्थला. 1 मेगाओहमच्या खाली आलं तर ते सर्किट डागडुजीने वाचवायचं नाही, काढायचंच. कौलारू खोल्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर हमखास सापडते. पत्र्याच्या खोल्यांत उन्हाने कडक झालेलं पीव्हीसी बोटाने वाकवलं की तुटतं. सॉकेट उघडून तिसऱ्या पिनेला काय जोडलंय ते बघा. अर्थची वायरच नाही म्हणून न्यूट्रलवरून एक तुकडा मारून तिसऱ्या पिनेला दिलेला असतो, आणि ही करामत जुन्या शाळांत इतकी सर्रास दिसते की ती गृहीतच धरा. बाहेर न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटला लावलेल्या प्रत्येक पत्र्याच्या खोक्यावर फेज येतो.

चार खोल्या, कार्यालय, व्हरांडा आणि स्वच्छतागृह यांना साधारण साहित्य असं लागतं: 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची 90 मीटरची 7 बंडलं, त्यातली 2 हिरवी, 2.5 ची 3 ते 4. मीटरपासून बोर्डापर्यंत 4 ची. पृष्ठभागावरून 25 मिमी व्यासाचा जाड पीव्हीसी पाइप, 170 मीटरच्या आसपास. भिंती फोडून लपवायच्या भानगडीत पडू नका. जुन्या दगडमातीच्या भिंतीला झिरी मारली की अर्धी भिंत हातात येते, शिवाय पुढच्या दुरुस्तीला उघडा पाइप सोपा. प्रत्येक खोलीत 20 वॅटच्या 4 एलईडी ट्यूब आणि 3 पंखे. फळ्यासमोरची ट्यूब वेगळ्या बटनावर, आणि फळ्याला समांतर. फळ्याला काटकोनात लावली तर फळ्यावर चकाकी येते आणि कडेच्या बाकावरच्या मुलांना अक्षर दिसत नाही.

पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. साधा पंखा 75 वॅट खातो, हा 30. बारा पंख्यांमागे 540 वॅट वाचतात. दिवसाला पाच तास आणि वर्षाला शंभर दिवस धरले तरी 270 युनिट. पण रिमोटवरच चालणारं मॉडेल नको. शाळेत रिमोट आठवडाभर टिकत नाही, आणि मग तो पंखा एकाच वेगाने फिरत राहतो. भिंतीवरचं बटन बंद-चालू केलं की वेग बदलतो अशी मॉडेलं मिळतात, ती घ्या. दुसरा दोष म्हणजे विजांच्या भागात त्याचं सर्किट बोर्ड जातं. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (अचानक चढलेलं व्होल्टेज अर्थकडे वळवणारं उपकरण) टाका आणि एकाच कंपनीचे पंखे घ्या, म्हणजे दोन सुटे बोर्ड कपाटात ठेवता येतात. पात्यांची उंची जमिनीपासून 2.75 मीटरच्या खाली येऊ देऊ नका. कौलारू खोलीत वाशाला हूक ठोकून पंखा टांगतात ते थांबवा. दोन तुळयांवर आडवा लोखंडी अँगल टाकून त्याला बोल्ट, बोल्टला स्प्लिट पिन, आणि वरून स्टीलच्या दोरीचा एक सुरक्षा फास.

बोर्डाची रचना काळजीपूर्वक करा, कारण सगळं इथेच फसतं. सगळ्या शाळेला मिळून एकच आरसीसीबी (वीज अर्थकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावली की पावसाळ्यात व्हरांड्यातल्या एका ओल्या होल्डरमुळे अख्खी शाळा बंद पडते. दोनदा असं झालं की शिक्षक गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला बोलावतात. तो येतो, आरसीसीबीला वरून दोन वायरी मारून ‘डायरेक्ट’ करून देतो आणि पन्नास रुपये घेऊन जातो. तुमची सुरक्षा तिथे संपली; पाटी मात्र तुमचीच. म्हणून 12 मार्गांच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरच्या पाच दोन-पोल आरसीबीओ (गळतीबरोबर जादा भारालाही पडणाऱ्या) टाका: पहिल्या दोन खोल्या, दुसऱ्या दोन खोल्या आणि व्हरांडा, कार्यालय, कूलर, पाण्याचा पंप. दिव्या-पंख्यांना 10 अँपिअर, बाकीच्यांना 16. खर्च वाढतो, पण बिघाड आपल्याच कोपऱ्यात राहतो. आणि प्रत्येक गटाचा न्यूट्रल वेगळा ठेवा. दोन खोल्यांचे न्यूट्रल एका जंक्शन बॉक्समध्ये गुंफले की दोन्ही आरसीबीओ पहिल्याच बटनाला पडतात, आणि वायरमन दोष उपकरणाला देतो.

चाचणीचं बटन दाबून आरसीबीओ पडली म्हणजे आतलं यंत्र हलतं, एवढंच कळतं. आरसीसीबी टेस्टर लावून मोजा: 30 मिलिअँपिअरला 300 मिलिसेकंदांच्या आत, पाचपट म्हणजे 150 ला 40 च्या आत पडली पाहिजे. आकडे कागदावर लिहा.

अर्थिंग. दख्खनच्या काळ्या पाषाणावर शाळा असते, तिथे 2.5 मीटरचा पाइप उभा उतरवणं हीच लढाई. खडकावर कुदळ वाजली की दीड मीटरवर पाइप कापून वरून सिमेंट मारण्याचा मोह होतो; तसलं अर्थिंग मे महिन्यात मोजा म्हणजे कळेल. जागा हुडका: हात धुवायच्या नळाचं सांडपाणी जिथे मुरतं तिथे. 40 मिमी जीआय पाइप, 2.5 मीटर, दोन नग, एकमेकांपासून निदान 5 मीटर लांब; जवळ ठेवले तर दोघांचा मिळून फायदा एकाइतकाच. 5 ओहमच्या खाली आणायचा प्रयत्न करा. न आलं तर हताश होऊ नका: 30 मिलिअँपिअरच्या संरक्षणात 50 व्होल्टची मर्यादा धरली तर गणिताने 1,600 ओहमलाही उपकरण पडतं. पण त्या गणितावर विसंबून खड्डा उथळ ठेवू नका, आरसीबीओ कधीतरी अडकते आणि त्या दिवशी अर्थिंगच उरतं.

सगळ्यासाठी पैसे नसतील आणि एकच गोष्ट करायची असेल, तर वॉटर कूलर करा. पत्र्याचं अंग, खाली ओली फरशी, अनवाणी मूल, ओला हात तोटीवर. शाळेच्या आवारात विजेचा धक्का बसायला याहून सोयीची जागा नाही. स्वतंत्र तीन-कोअर केबल, स्वतंत्र आरसीबीओ, प्लग-सॉकेट जमिनीपासून दीड मीटरवर आणि पाण्याच्या फवाऱ्याबाहेर, अंगाला वेगळी अर्थवायर बोल्टने. प्लगच्या पिनेवर भरवसा नको, फरशी धुताना तो निघतो आणि पुन्हा कसाबसा लागतो. हे काम दोन माणसांचं एका दिवसाचं आहे. दीड लाखाच्या पावत्यांऐवजी तालुक्यातल्या वीस-पंचवीस शाळांचे फक्त कूलर आणि पंप सुरक्षित केले, तरी मी त्याला उत्तम स्पॉन्सरशिप म्हणेन.

फुकट काम आहे म्हणून शिकाऊ पोरं पाठवायची, उरलेल्या वायरीचे तुकडे जोडून भागवायचं, हे करू नका. कायद्याला काम फुकट की पैशाचं याच्याशी देणंघेणं नाही. परवानाधारक पर्यवेक्षकाची सही, वायरमनचं परमिट, पूर्ण झाल्याचा टेस्ट रिपोर्ट, सगळं पगारी कामासारखंच. माणसांना रविवारी बोलावलं तर रविवारची मजुरी द्या. दान मालकाने करायचं असतं, वायरमनच्या खिशातून नाही. आणि कामगाराचा विमा त्या दिवसासाठीही चालू आहे ना ते पाहून घ्या. कौलांवरून पडलेला माणूस ‘समाजसेवेत’ पडला म्हणून नुकसानभरपाई चुकत नाही.

कागद फार नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं मागणीपत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी. इमारत जिल्हा परिषदेची आहे, मुख्याध्यापकांची नाही. काम झाल्यावर पंखे, ट्यूब, बोर्ड यांची यादी देऊन शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करून घ्या. ही नोंद लोक विसरतात. नोंद नसलेला पंखा मुख्याध्यापक बदलले की कुणाचाच नसतो. बोर्डाच्या दाराच्या आत लॅमिनेट केलेला एक कागद चिकटवा: कुठली आरसीबीओ कुठल्या खोलीची, पडली तर काय करायचं. त्या खोलीतली सगळी बटनं बंद करा, आरसीबीओ वर करा, एकेक बटन चालू करा, ज्याला पडेल ते तसंच बंद ठेवा आणि फोन करा. शिक्षकांना हे एकदा हाताने करून दाखवायचं, वाचून कुणी करत नाही.

बजेटचा चौथा हिस्सा पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवा, तो पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीचा. वर्षातून दोन फेऱ्या: पहिली मे महिन्याच्या अखेरीस, जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या आधी, दुसरी दिवाळीच्या सुट्टीत. प्रत्येक फेरीत आरसीबीओची चाचणी, अर्थचं मोजमाप, खड्ड्यात पाणी, पंख्यांच्या पिना, बोर्डातले स्क्रू. सौर पथदिव्यांची मागणी या टप्प्यावर येईल, कारण त्यांचा फोटो छान निघतो. नाही म्हणा, किंवा बॅटरी बदलायचे पैसे आधीच वेगळे काढा. स्मशानभूमीच्या वाटेवर मेलेला सौरदिवा आणि खाली ‘सौजन्य’ म्हणून इलेक्ट्रिकल फर्मचंच नाव, याहून वाईट जाहिरात मला सुचत नाही.

आता गणपती. मंडळाला पूर्ण नकार देणं गावात जमत नाही आणि द्यायचंही कारण नाही. पण पावतीऐवजी मंडपाची विद्युत सुरक्षा द्या. अट एकच: महावितरणची तात्पुरती जोडणी घेतलेली असली पाहिजे. मंडळांना ती सवलतीच्या दराने मिळते, त्यामुळे आकडा टाकायला गरिबीचं कारण उरत नाही. आकड्यावर चालणाऱ्या मंडपात तुमचा एकही माणूस जाऊ नये. वीजचोरीचं कलम 135 मंडळाच्या अध्यक्षाला लागेल आणि परवाना तुमचा जाईल. वर्गणी गोळा करायला मंडळाकडे सार्वजनिक न्यास नोंदणी किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क ची परवानगी आहे ना, तेही विचारा. चांगल्या मंडळांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मंडपात बिघडतं ते ठरलेलं असतं. तीन फेजची जोडणी, आणि न्यूट्रलचा सांधा नुसता पीळ देऊन वरून टेप. पावसात टेप सुटतो, पीळ सैल होतो, न्यूट्रल तुटतो, आणि ज्या फेजवर भार कमी आहे तिथल्या दिव्यांवर 230 ऐवजी 400 च्या दिशेने व्होल्टेज चढतं. माळा, अँप्लिफायर, सगळं एका मिनिटात जळतं. न्यूट्रलचा सांधा लग क्रिंप करून टर्मिनलमध्ये, खोका जमिनीपासून वर आणि पाणीबंद. प्रत्येक शाखेला 30 मिलिअँपिअरची आरसीबीओ. मंडपाचा लोखंडी सांगाडा, कमान, बॅरिकेड सगळं एका हिरव्या वायरने अर्थला बांधायचं. नळीनळीचे सांधे रंगलेले असतात, म्हणून दोन्ही टोकांना क्लॅम्प. जनरेटर असेल तर चार-पोल चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी एकच पुरवठा जोडणारा स्विच, नाहीतर मंडपाची वीज उलटी महावितरणच्या तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो.

विसर्जनाच्या मार्गाची पाहणी हे तर खास तुमच्याच मंडळींचं काम आहे. नियमाने रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार किमान 5.8 मीटरवर आणि 11 हजार व्होल्टची 6.1 मीटरवर असायला हवी. प्रत्यक्षात झोळ पडलेला असतो. ट्रॉली सव्वा मीटर आणि मूर्ती साडेचार मीटर म्हणजे झाले पावणेसहा. वर छत्र आणि एक उत्साही कार्यकर्ता. मूर्ती ठरवायच्या आधी, म्हणजे जून-जुलैतच, मार्गावरच्या प्रत्येक तारेची उंची मोजून मंडळाला आकडा लिहून द्या. तार बांबूने उचलायची पद्धत आहे. पावसात भिजलेला बांबू वीज वाहून नेतो. अडचणीच्या जागी महावितरणला आधी पत्र देऊन तेवढा वेळ पुरवठा बंद करून घ्यायचा, दुसरा उपाय नाही.

फलक लावायचाच असेल तर मंडपाच्या आत. विजेच्या खांबावर स्वतःच्या फर्मचा फ्लेक्स टांगणं हे मालमत्ता विद्रूपणाच्या 1995 च्या कायद्यात तर बसतंच, पण खांबावर काय लावू नये हे लोकांना सांगायचं काम ज्याचं, त्यानेच ते केलेलं दिसतं.

तुम्ही ग्रामपंचायतीची, नगरपरिषदेची पथदिव्यांची टेंडरं भरत असाल तर आणखी एक पथ्य. टेंडर निघाल्यापासून कामाचा आदेश येईपर्यंत त्या गावातल्या पदाधिकाऱ्यांशी संबंधित मंडळाला, ट्रस्टला, स्पर्धेला काहीही देऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा देणाऱ्या फर्मलाही धरतो. निवडणुकीच्या आचारसंहितेतही तसंच. वाढदिवसाच्या फ्लेक्सचं ‘शुभेच्छुक’ हे कुठल्याच महिन्यात नको.

रोख पैसे एका ठिकाणी जरूर घाला: शिकाऊ उमेदवारांवर. शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 प्रमाणे 30 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. तुम्ही 14 जण आहात, तुम्हाला ऐच्छिक. गावातल्या आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेले दोघे घ्या, केंद्राच्या योजनेतून विद्यावेतनाचा काही भाग परत मिळतो. त्यांना शाळेच्या फेऱ्यांवर पर्यवेक्षकाबरोबर मेगर धरायला पाठवा. तीन वर्षांनी बोर्ड उघडून आरसीबीओ ‘डायरेक्ट’ केलेली ओळखणारी दोन माणसं गावात तयार होतात.

उरला प्रश्न बाकीच्या पावतीवाल्यांचा. त्यांना तोंडी कारणं देत बसू नका. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लेटरहेडवर चार ओळी छापून घ्या: यंदा फर्म अमुक शाळेचं वायरिंग करत आहे, एकूण खर्च इतका, पुढची तीन वर्षं देखभाल आमच्याकडे, आपल्या मंडळाच्या मंडपाची अर्थिंग आणि आरसीसीबी तपासणी विनामूल्य करून देऊ, कृपया स्थापनेच्या दहा दिवस आधी कळवावे. वर्गणीला आलेल्यांच्या हातात हा कागद आणि चहा द्या. निम्मे जण तपासणी मागतील. तिच्यासाठी एक मेगर, एक आरसीसीबी टेस्टर आणि दोन माणसं त्या आठवड्यापुरती बाजूला काढून ठेवा, आणि प्रत्येक मंडपाचा तपासणीचा कागद दोन प्रतींत करा. एक मंडळाला, एक तुमच्या फायलीत, वर तारीख आणि वेळेसकट.